तीर्थनचा ट्राउट आणि कोथरूडचा नवशिका

कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या हिरवळीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांना सध्या एका गृहस्थांना वळसा घालून जावं लागतं. साठी उलटलेली, डोक्यावर टोपी आणि हातात नऊ फुटांची लवचिक दांडी. दांडीतून निघालेली जाड पिवळी दोरी, तिच्यापुढे पारदर्शक धागा आणि धाग्याच्या टोकाला लाल लोकरीचा गोंडा. गळ नाही, मासा नाही, पाणीही नाही. दोरी मागे जाते, पुढे येते आणि बहुतेक वेळा वेटोळं होऊन गृहस्थांच्या पायाशीच पडते.

हे मामा. बँकेतून निवृत्त झालेले, मूळचे मालवणचे. हिमाचलातल्या तीर्थन नदीवर मित्राबरोबर जाऊन आल्यापासून त्यांनी फ्लाय फिशिंग, म्हणजे कृत्रिम माशी पाण्यावर फेकून मासा धरण्याची कला, शिकायला घेतली आहे. त्यांची भाची गोड्या पाण्यातल्या माशांचा अभ्यास करते आणि तिला हे वेड अजिबात मान्य नाही. परक्या देशातून आणलेल्या माशासाठी परक्या देशातून आणलेला खेळ, असं तिचं थोडक्यात मत. मामा-भाचीची ही जोडी लेखापुरती उभी केलेली आहे. वाद मात्र जुना आहे. इंग्लंड-अमेरिकेत तो शंभराहून अधिक वर्षं चालू आहे, आणि हिमाचलात आला की त्याला असं वळण लागतं की कोण कुणाच्या बाजूने बोलतंय हेच कळेनासं होतं.

"मामा, खाडीवर गरवत बसायचास तेव्हा तुला कुणाकडून शिकावं लागलं होतं का? गरीला कोळंबी लावली, टाकली, बसलास. मग आता हा एवढा थाट कशाला?"

"अगं, तिथे फेकायला वजन होतं. शिसं होतं, आमिष होतं. ते भिरकावलं की दोरी मागोमाग जाते. इथे टोकाला काय आहे? दोन पिसं आणि थोडा दोरा. ते फेकून बघ, नाकासमोर पडेल."

मामांचं हे म्हणणं अगदी बरोबर आहे आणि नवशिक्याने पहिल्यांदा समजून घ्यायची गोष्ट हीच. गोफणीत वजन दगडात असतं, म्हणून दगड लांब जातो. इथे वजन दोरीत असतं. फ्लाय फिशिंगच्या दोऱ्यांना जे नंबर असतात ते या वजनाचे. पाच नंबरच्या दोरीचे पहिले तीस फूट साधारण नऊ ग्रॅम भरतात. दांडी मागे नेली की हे वजन हवेत मागे सरळ होतं, त्याच्या ओढीने दांडी वाकते आणि पुढे येताना सुटते. माशी त्या दोरीबरोबर नुसती प्रवास करते. त्यामुळे जोर लावणाऱ्याची दोरी जवळ पडते आणि थांबता येणाऱ्याची लांब जाते.

थांबणं कठीण आहे. दांडी घड्याळाच्या दहा आणि दोनच्या काट्यांमध्ये हलवायची, हे जुनं सूत्र. नॉर्मन मॅक्लीन यांच्या १९७६ सालच्या 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' या पुस्तकावर रॉबर्ट रेडफर्डने १९९२ मध्ये चित्रपट काढला. त्यात मोंटानातले पाद्री वडील आपल्या मुलांना मेट्रोनोमच्या ठोक्यावर ही फेक शिकवतात. त्या चित्रपटानंतर अमेरिकेत या छंदाला मोठी भरती आली. पडद्यावर ते फार सुंदर दिसतं. हिरवळीवर मात्र मामांचं मनगट वळतं, दांडी दोनऐवजी चारच्या काट्यावर जाते आणि दोरी मागच्या जास्वंदीत अडकते. कधी दोरी मागे पूर्ण उलगडण्याआधीच ते पुढे ओढतात आणि 'फट्' असा आवाज होतो. नदीवर हा आवाज आला की समजावं, माशी तुटून गेली.

"म्हणून गोंडा बांधलाय," मामा म्हणतात. "गळ बांधला असता तर एव्हाना समोरच्या जोशीबुवांच्या कानात असता."

लोकरीचा गोंडा हा काही मामांचा शोध नव्हे. इसवी सन २०० च्या सुमारास ईलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या एका नदीवरची हकीकत लिहून ठेवली आहे. तिथले लोक गळाभोवती लाल लोकर गुंडाळत आणि तिला कोंबड्याच्या मानेची दोन पिसं लावत. माणसाने पिसांची माशी करून माशाला फसवल्याची ही सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक. लाल लोकर तीच, फक्त आता ती गवतावर पडते.

सामानाबद्दल एवढंच सांगायला हवं की नवशिके सगळा खर्च दांडीवर करतात आणि वेळ अजिबात देत नाहीत. नऊ फुटी, पाच नंबरची साधी दांडी पहिली काही वर्षं पुरते. काँक्रीटवर सराव करू नये, दोरीचं आवरण खरवडलं जातं. ज्यांना रीळ आणि दोरीचा हिशेबच नको त्यांच्यासाठी जपानच्या डोंगरी ओढ्यांवरची 'तेनकारा' पद्धत आहे: लांब दांडी, टोकालाच बांधलेली ठरावीक लांबीची दोरी आणि एक माशी. रीळ नाहीच. पॅटागोनिया या कपड्यांच्या कंपनीचे संस्थापक इव्हाँ शुईनार्ड यांनी या साधेपणाचा प्रचार करणारं पुस्तकच लिहिलं. तीर्थनसारख्या दगडगोट्यांच्या नदीवर, जिथे मासा दहा-पंधरा फुटांवर असतो, ही पद्धत खरं तर जास्त सोयीची. पण मामांना रिळाचा 'कर्रर्र' आवाज आवडतो, आणि आवडीपुढे कुणाचं चालत नाही.

"बरं, फेक जमली. मग नदीवर काय झालं?" भाचीने विचारलं.

"काही नाही. मासे पळाले."

"तू पाण्यात कुठून उतरलास?"

"जिथे सोपं होतं तिथून. काठावरून."

"म्हणजे मासे जिथे बसले होते तिथेच पाय ठेवलास."

इथून पुढे काही वेळ शिकवण्याचं काम भाचीकडे आलं. तिला खेळ मान्य नाही, पण नदी पाठ आहे, आणि फ्लाय फिशिंगचा निम्माअधिक भाग नदी वाचण्याचाच असतो. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो, कारण अन्न वरून वाहत येतं. पण त्याला दिवसभर धारेशी झुंजायला परवडत नाही. म्हणून तो मोठ्या दगडाच्या आडोशाला, किंवा वेगाचं पाणी आणि संथ पाणी जिथे एकमेकांना चाटून जातात त्या शिवेवर थांबतो. स्वतः संथ पाण्यात राहायचं आणि शेजारच्या वेगाच्या पट्ट्यातून घास उचलायचा. काठाचं पाणीही तो वापरतो, आणि नवशिका तिथेच धपकन उतरतो. तीर्थनचं पाणी वसंतात इतकं नितळ असतं की तळाचा खडा दिसतो. मग माशाला माणूस का दिसू नये? म्हणून खालच्या बाजूने, माशाच्या पाठीमागून, वाकून जायचं आणि माशी वर फेकायची.

"आणि माशी कुठली बांधली होतीस?"

"दुकानदाराने दिली ती. छान रंगीत होती."

भाचीने डोक्याला हात लावला. "मामा, माशी निवडायच्या आधी पाण्यातला एक दगड उचलून उलटा करायचा. खाली काय राहतंय ते बघायचं."

दगडाखाली किड्यांचं एक गावच असतं. मेफ्लायची चपटी, तीन शेपट्यांची पिल्लं दगडाला चिकटून असतात. कॅडिसची अळी वाळूचे कण आणि काड्या रेशमाने जोडून स्वतःभोवती नळीसारखं घर बांधते. स्टोनफ्लायच्या पिल्लाला दोन शेपट्या असतात आणि त्याला थंड, भरपूर प्राणवायूचं पाणी लागतं. ती दिसली की नदी ठणठणीत आहे असं समजायचं. मेफ्लायची पिल्लं कित्येक महिने पाण्याखाली काढतात आणि पंख फुटले की एखाद-दोन दिवसांत संपतात. प्रौढ मेफ्लायला खाण्यासाठी कामाचं तोंडच नसतं. जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, मरायचं. ट्राउटचं बरंचसं जेवण म्हणूनच पाण्याच्या पृष्ठभागावर होत नाही, ते तळाजवळ या पिल्लांवर होतं.

यावरूनही एकेकाळी लोक हमरीतुमरीवर आले होते. दक्षिण इंग्लंडमधल्या हॅम्पशायरच्या चुनखडी नद्यांवर फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी १८८६ मध्ये तरंगत्या कृत्रिम माश्यांवर पुस्तक लिहिलं आणि त्यांच्या अनुयायांनी त्याचा धर्म केला: मासा पृष्ठभागावर येऊन खाताना दिसला तरच, आणि तरंगती माशीच. जी. ई. एम. स्क्यूज या वकिलाने १९१० मध्ये त्याला हरकत घेतली. मासा पाण्याखाली खात असेल तर आपण माशी पाण्याखाली का देऊ नये, एवढाच त्याचा साधा प्रश्न. वाद इतका चिघळला की १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये त्यावर रीतसर चर्चा ठेवावी लागली. आज जगभरचे शिकवणारे नवशिक्याच्या हातात बहुधा आधी स्क्यूजचीच बुडती माशी देतात. हॅलफर्डचे पंथीय काय म्हणाले असते, याची मामांना पर्वा नाही.

माशी योग्य आणि जागा योग्य असली तरी एक अडचण उरते. पाण्याचे निरनिराळे पट्टे दोरीला निरनिराळ्या वेगाने ओढतात आणि माशी पाण्यावर रेघ काढत घसरू लागते. खरा किडा असं कधी करत नाही. म्हणून दोरी पडल्या पडल्या दांडीच्या टोकाने तिचा मधला भाग उचलून वरच्या बाजूला टाकायचा, म्हणजे माशी काही सेकंद मोकळी वाहते. ते काही सेकंद मिळाले की मासा लागतो. मामांना एकदा मिळाले. वीतभराहून थोडा मोठा, अंगावर लाल ठिपके असलेला ब्राउन ट्राउट. फोटो काढला आणि पाण्यात सोडून दिला.

तो फोटो घरी पोचला तेव्हा आजीने, म्हणजे मामांच्या आईने, चष्मा पुसून पाहिला आणि विचारलं, "मासो पकडलंस आणि सोडलंस? मगे थंय गेलंस कित्याक?"

या प्रश्नावर जगातल्या तत्त्वज्ञांनी पुस्तकं लिहिली आहेत. भाचीने आजीची बाजू घेतली.

"आजी बरोबर बोलतेय. पोटासाठी मारलास तर समजू शकते. पण तोंडात गळ रुतवायचा, दमेपर्यंत खेळवायचा, हवेत धरून फोटो काढायचा आणि वर दया दाखवल्यासारखं सोडायचं, हे काय आहे?"

"त्याला संवर्धन म्हणतात," मामा म्हणाले. "अमेरिकेत ली वुल्फ नावाचा एक मोठा माणूस होऊन गेला. त्याने १९३० च्या दशकातच सांगितलं की मासा एकदाच पकडून संपवण्यापेक्षा परत सोडावा, म्हणजे दुसऱ्यालाही मिळेल. त्यामुळे तिकडच्या नद्या वाचल्या."

"मासे वाचले असतील. त्यांना काय वाटलं हे कुणी विचारलं?"

विचारलं आहे. एडिनबरोजवळच्या रॉस्लिन संस्थेत लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये रेनबो ट्राउटच्या ओठांत मधमाशीचं विष आणि ॲसेटिक आम्ल टोचून पाहिलं. माशांच्या चेहऱ्यावर इजा ओळखणाऱ्या चेतातंतूंची टोकं सापडली. टोचलेले मासे अंग हेलकावू लागले, आम्लवाले ओठ तळाच्या खड्यांवर घासू लागले आणि त्यांनी पुन्हा खायला सुरुवात करायला साध्या टोचणीच्या माशांपेक्षा खूप जास्त वेळ घेतला. याच गटातल्या व्हिक्टोरिया ब्रेथवेट यांनी २०१० मध्ये या विषयावर पुस्तक लिहिलं. उलट बाजूला अमेरिकेतले जेम्स रोझ. त्यांचं म्हणणं, माशाच्या मेंदूत आपल्यासारखा बाह्यस्तर नाही, म्हणून तो इजेला प्रतिसाद देतो पण आपल्या अर्थाने दुःख भोगत नाही. हा प्रश्न प्रयोगशाळेत अजून मिटलेला नाही. कायद्यांनी मात्र वाट पाहिली नाही. स्वित्झर्लंडमध्ये सोडून देण्याच्याच इराद्याने मासे पकडायला २००९ पासून बंदी आहे, आणि जर्मनीतही प्राणिरक्षण कायद्यानुसार खाण्याचा उद्देश नसताना मासा पकडणं बहुतेक ठिकाणी गुन्ह्यात जमा होतं. तिथे आजीचं मत हाच कायदा आहे.

"आणि तुझा तो फोटो," भाची सोडायला तयार नव्हती. "मासा किती वेळ बाहेर होता?"

"अगं, अर्धा मिनिट. फार तर एक."

कॅनडातल्या फर्ग्युसन आणि टफ्ट्स या दोघांनी १९९२ मध्ये नेमका हाच प्रयोग केला होता. रेनबो ट्राउटना पूर्ण थकेपर्यंत पळवलं. त्यांतल्या ज्यांना पाण्यातच ठेवलं, त्यांतले १२ टक्के पुढच्या बारा तासांत मेले. ज्यांना पळवल्यावर ३० सेकंद हवेत धरलं, त्यांतले ३८ टक्के. ६० सेकंदवाल्यांतले ७२ टक्के. प्रयोगशाळेतली दमछाक नदीवरच्या बहुतेक झटापटींपेक्षा जास्त होती, हे मान्य करूनही आकडा बोचतो. पोहत गेला म्हणजे जगला, असं नसतं.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "काटा नसलेला गळ होता माझा." ही गोष्ट खरंच कामाची आहे. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केला की गळ क्षणात निघतो, माशाच्या ओठातून आणि नवशिक्याच्या बोटातूनही. हात आधी ओले करायचे, मासा पाण्यातच ठेवून गळ काढायचा, फोटो हवाच असेल तर पाण्यातच काढायचा. यात काहीच अवघड नाही. अवघड आहे ते मित्रांना दाखवायचा मोह आवरणं.

इथवर हा वाद जगात कुठेही झाला असता. तीर्थनवर मात्र पुढचा प्रश्न येतो: हा मासा कुणाचा?

ट्राउट हिमालयाचा नव्हे. काश्मीरमध्ये १८९९ साली इंग्लंडहून पाठवलेली अंडी वाटेतच मेली. १९०० मध्ये स्कॉटलंडहून आलेली दुसरी खेप तगली आणि श्रीनगरमध्ये गालिच्यांचा कारखाना चालवणारे फ्रँक मिचेल यांनी ती वाढवली. कुल्लूत १९०९ च्या सुमारास हॉवेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने बियासच्या खोऱ्यात ब्राउन ट्राउट आणला. साहेबाला सुट्टीत घरच्यासारखी मासेमारी हवी होती, एवढंच त्यामागचं कारण. पुढे नॉर्वेच्या मदतीने पतलीकूहलला रेनबो ट्राउटची पैदासही उभी राहिली. आज कुल्लूच्या हॉटेलांच्या मेन्यूवर ट्राउट अशा थाटात असतो की जणू तो मनूच्या काळापासून तिथेच राहत होता.

"तुझा तो लाल ठिपक्यांचा पाहुणा," भाची म्हणाली, "जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या यादीत आहे. आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेची यादी. ब्राउन आणि रेनबो, दोघेही. आणि त्या नदीचा मूळ मालक कोण, माहितेय? गुगली. स्नो ट्राउट म्हणतात तिला, पण ती ट्राउटच्या कुळातली नव्हेच, आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातली. तोंड खाली असतं, दगडावरचं शेवाळ खरवडून खाते. तुझ्या माशीकडे ती ढुंकूनही बघणार नाही. ट्राउट मात्र तिच्या पिल्लांकडे बघतो."

स्नो ट्राउटची ही जात आज धोक्यात आलेल्या माशांत मोजली जाते. धरणं, वाळूउपसा, डायनामाइट आणि ब्लीचिंग पावडर घालून केलेली मासेमारी ही तिची मोठी संकटं. परका ट्राउट हे त्यांतलं आणखी एक. भाचीचं पारडं इथे जड आहे. पण मामांकडे याला उत्तर होतं, आणि ते त्यांनी नदीवरच ऐकलं होतं.

"तीर्थनवर धरण का नाही, सांग."

भाची थांबली.

बियासच्या खोऱ्यात जलविद्युत प्रकल्पांची रांग आहे. लारजी गावाजवळ तीर्थन बियासला येऊन मिळते, त्याच्या आसपास बोगदे, बंधारे, यंत्रघरं सगळं आहे. शेजारच्या सैंज नदीवरही प्रकल्प झाले. तीर्थनवरही अनेक प्रकल्प घाटत होते. बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब आणि खोऱ्यातल्या गावकऱ्यांनी त्याविरुद्ध लढा दिला, प्रकरण कोर्टात गेलं आणि तीर्थन प्रकल्पांतून वगळली गेली. त्या लढ्यात जंगल, पाणी, देवस्थानं हे सगळं होतंच; पण ही ट्राउटची नदी आहे, गळ टाकायला माणसं इथे येतात आणि त्यावर गावं जगतात, हाही एक भक्कम मुद्दा होता. वाहत्या नदीत गुगली राहू शकते. बोगद्यात घातलेल्या नदीत कुणीच राहत नाही.

"म्हणजे साहेबाने चुकून आणलेल्या माशाने नदी वाचवली," मामा विजयी मुद्रेने म्हणाले.

"आणि त्याच माशाने नदीतल्या माशाला हुसकावलं," भाची म्हणाली. दोन्ही विधानं खरी आहेत आणि त्यांची वजाबाकी करून उत्तर काढता येत नाही.

पाहुण्या माशाचं हे दुखणं परदेशातूनच यावं लागतं असंही नाही. १८३९ मध्ये कर्नल साइक्स यांनी नीलपंखी महसीरचं शास्त्रीय वर्णन केलं, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. त्या पाण्यात आज शहराचं सांडपाणी वाहतं. लोणावळ्याच्या वळवण तलावाशेजारी टाटा पॉवरने १९७० च्या दशकापासून या महसीरची पैदास चालवली. हेतू चांगला, काम नेटाचं. तिथलं बीज मग कावेरीतही सोडलं गेलं. पण कावेरीत मूळ महसीर वेगळा होता: पाठीला कुबड असलेला, नारिंगी परांचा, प्रचंड. १९४६ मध्ये कबिनीत म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने १२० पौंडांचा महसीर पकडल्याची नोंद आजही विक्रम म्हणून सांगतात. लोणावळ्याकडचा पाहुणा फोफावला आणि कुबडवाला आटत गेला. त्याची शास्त्रीय ओळख, टॉर रेमादेवी, २०१८ मध्ये पटली. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त जाहीर झाला.

"हे कशावरून कळलं, माहितेय?" भाचीने स्वतःच विचारलं, आणि पुढचं वाक्य तिला जरा जडच गेलं. "गळवाल्यांच्या वह्यांवरून. कावेरीवरच्या कॅम्पांत पकडून सोडलेल्या प्रत्येक माशाची नोंद ठेवायचे. त्या नोंदींवरून २०१५ मध्ये शोधनिबंध निघाला. कुबडवाला कमी होतोय, निळा वाढतोय, हे त्यातून दिसलं."

"म्हणजे आमच्यासारखे रिकामटेकडे नसते तर तुम्हा शास्त्रज्ञांना पत्ताच लागला नसता."

"लागला असता. पण फार उशिरा."

संरक्षित क्षेत्रातली ती मासेमारी २०१२ च्या सुमारास बंद झाली. तिच्याबरोबर वह्याही बंद झाल्या.

मग नवशिक्याने करायचं काय? भाचीचा सल्ला ऐकायला विचित्र वाटेल, पण तीर्थनपुरता तो पटण्यासारखा आहे. परवान्याने जेवढे ट्राउट धरता येतात तेवढे धरावेत आणि खावेत. गुगली चुकून लागलीच तर ती पाण्याबाहेर न काढता सोडावी. अमेरिकेतून आलेली 'पकडा आणि सोडा' ही रीत मासे टिकवण्यासाठी जन्मली. हिमाचलात तीच रीत परक्या माशाला लावून आपण पाहुण्याला अभय देतो आणि घरच्याला विसरतो. मामांना हे पूर्ण पटलेलं नाही. "येणारा प्रत्येक जण खात सुटला तर गुशैणी गावाजवळचा पट्टा एका मोसमात रिकामा होईल," ते म्हणतात. "मग लोक येणार नाहीत. आणि लोक आले नाहीत तर उद्या पुन्हा कुणी धरणाचा नकाशा घेऊन येईल." मत्स्य विभाग हॅचरीतली पिल्लं सोडून हा पट्टा भरता ठेवतो, यावर भाचीचा आक्षेप आहेच. दोघांचं इथे जुळलं नाही. आजीने मात्र ट्राउट कसा लागतो एवढंच विचारलं. "सुरमईची सर नाही," असं मामा म्हणाले, आणि मालवणच्या माणसाकडून दुसऱ्या उत्तराची अपेक्षाही नव्हती.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत आहे: पाण्याचं तापमान. ट्राउटला थंड पाणी लागतं. ते विसाच्या वर गेलं की पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि दमलेला मासा सोडला तरी सावरत नाही. मोंटानामध्ये पाणी सलग तीन दिवस २३ अंशांना पोचलं की दुपारी दोन ते मध्यरात्र मासेमारी बंद करतात. तीर्थन बर्फाच्या पाण्यावर जगते म्हणून तिथे ही वेळ सहसा येत नाही, पण खालच्या, उथळ पट्ट्यांत मे-जूनच्या दुपारी खिशातला साधा थर्मामीटर पाण्यात बुडवून पाहायला काहीच खर्च नाही. मामांनी तो घेतला आहे. भाचीनेच आणून दिला.

ज्यांना हे शिकायचं आहे त्यांनी महिनाभर गवतावर लोकरीचा गोंडा फेकावा, आणि नदीवर गेल्यावर दांडी जोडण्याआधी तासभर नुसते दगड उलटावेत, उलटलेला दगड पुन्हा होता तसा ठेवावा. डोळ्यांवर चष्मा हवाच. परवाना हिमाचलच्या मत्स्य विभागाकडून घ्यावा आणि ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गळ टाकू नये. पावसाळ्यात नदी गढूळ आणि धोक्याची असते. मार्च ते जूनचा सुरुवातीचा काळ आणि पावसानंतरचे काही आठवडे चांगले. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण त्या दिवसांत ब्राउन ट्राउटची मादी तळाच्या खड्यांत अंडी घालते. त्या काळात दांडी नसली तरी उथळ पाण्यातल्या खड्यांवरून चालू नका.